नववा सांधा

रात्री सव्वादोनला पूल जरा मोकळा असतो
तेव्हा मी काचेच्या टेम्पोत बसून त्याची तपासणी करते.
नियमात असं कुठेच नाही.
नियमात यंत्र आहे, गाडीमागे ओढायचं,
ते सहा आठवडे दुरुस्तीला गेलंय
आणि फॉर्म उद्या भरायचाय.

साहेबांच्या गाडीतून जाऊन पाहिलं एकदा.
त्या गाडीला पूल लागतच नाही.
साहेब म्हणाले, छान आहे की.

याकूब मुकादम मानखुर्दहून काच नेतो तुर्भ्याला.
मागे उभी तावदानं, मधे गोणपाट,
फटींत त्याच्या मुलांचे जुने शर्ट कोंबलेले.
'मॅडम, मोजा,' तो म्हणतो. 'बोलू नका.'

धडक्.
'हा पहिला. सज्जन आहे.'
धडक्.
प्रत्येक सांध्याआधी तो क्लच अर्धा दाबतो
आणि आजाऱ्याची कूस बदलावी
तसा टेम्पो अलगद पलीकडे ठेवतो.
चौथ्याचं रबर निघालंय, लोंबतंय.
सहाव्यावर डांबराचं ठिगळ,
मार्चमध्ये लावलेलं, मार्चमध्येच उसवलेलं.
सातवा आणि आठवा गप्प. 'त्यांचं काही म्हणणं नाही.'

मग नववा.
नवव्यावर सगळ्या काचा एकदम बोलतात,
लग्नघरात कुणी वाईट बातमी आणल्यावर
आतल्या खोलीत बायका बोलतात तशा.
याकूब मान वळवत नाही. कान मागे ठेवून पुढे बघतो.
बऱ्याच वेळानं म्हणतो,
'दिवाळीच्या आधी इथंच एक ताव गेला.
साडेअकराशे. पगारातून.
तुमच्या कागदात ते कुठं बसतं?'

कागदात रकाना आहे: वाहनसुख, एक ते पाच.
सुख हा शब्द तिथं कुणी टाईप केला असेल,
कुठल्या कार्यालयात, पंख्याखाली,
आणि करताना क्षणभर थांबला असेल का,
असं मला दर वेळी वाटतं.

दिवसा, ओहोटीला, मी पुलाच्या पोटाखाली असते.
हिराजीची होडी, माझी हातोडी.
बाजारात मडकं घेताना वाजवतात तसा
एकेक खांब वाजवायचा.
टण्ण म्हणजे ठीक.
बद् म्हणजे आत पोकळ, गंजानं फुगलेलं,
तिथं खडूनं चौकोन.
माझ्या केसांत सिमेंटचे पापुद्रे पडतात,
वर ट्रेलर जातो, आणि खाडीचं पाणी
ताटातल्या ताकासारखं थरथरतं.

'नववा ना?' हिराजी वल्हं न थांबवता म्हणतो.
त्याची खोली इथून दगडाच्या टप्प्यात.
'मागे पूल चार रात्री बंद ठेवलेला तुम्ही.
घरात कुणाला झोप नाही.
नातीनं तर रडून जीव काढला.
शेवटी सुनेनं डब्यावर डाव मारला,
धडक्, धडक्, थोडं थांबून,
तेव्हा डोळा लागला पोरीचा.'

हेही कुठल्या रकान्यात बसत नाही.

रात्री तीनला, टोलनाक्याच्या अलीकडे,
टेम्पोच्या टपाखालच्या पिवळ्या दिव्यात
मी गुडघ्यावर फॉर्म ठेवून लिहिते:
सांधा क्र. ९, पोलादी पट्टी सैल, बोल्ट तीन गायब,
तातडीनं बदलावा.
सुखापुढे दोन लिहिते, खोडते, दीड लिहिते.
अपूर्णांक चालत नाहीत. पुन्हा दोन.

'मंजूर झालं तर पावसाळ्यानंतर होईल,' मी सांगते.
याकूब थर्मासचं झाकण पुसून मला चहा देतो.
'होऊ दे की. पण माझा पाय दाबणारच तिथं,
महिना, दोन महिने, काय सांगावं.
तुम्ही कागदानं सगळ्यांना कळवाल.
त्याला कोण कळवणार?'

आणि खाली बघतो,
क्लचवरच्या आपल्या रबरी चपलेकडे,
जरा कौतुकानंच.